जोड घ्यावी की नाही?



मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील आणि काहीजणींचा हात रेडिओ बंद करायला पुढे जाईल. जरा थांबा. आज आम्ही संगणकावरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ लढायांचा आहे, जुना आहे, आणि तो आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत लागोपाठ तीन वेळा निघाला. इतिवृत्ताच्या वहीत त्याची नोंद आहे, सह्या-अंगठ्यांसकट.

प्रश्न साधा होता. एकदा खेळ घेतला. मग त्याच खेळाची जोड म्हणून दुसरी सीडी निघाली. तिचे पैसे वेगळे. ती एकटी चालत नाही, मूळ खेळ आधी संगणकात असावा लागतो. तर ही जोड मूळ खेळाला खरंच सुधारते, की विकणाऱ्याचा गल्ला भरते?

हे आमच्यापर्यंत कसं आलं ते आधी सांगतो, कारण त्यात आमचीच चूक आहे.

ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना संगणक आहे. एका शाळेनं नवे घेतले तेव्हा हा आपल्याकडे आला. गटातल्या बायकांच्या मुली त्यावर मराठी टायपिंग शिकतात. त्यातली एक अकरावीतली. तिनंच आमच्या गटाचा जमाखर्चाचा तक्ता संगणकावर बांधायला घेतला होता. बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता, व्याज, सगळे रकाने. तिचा मामा पुण्याला नोकरीला. त्यानं कॉलेजात असताना घेतलेली खेळाची सीडी तिला दिली. खेळाचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स', त्याचा दुसरा भाग, 'द एज ऑफ किंग्ज'. अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओजनं तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली बाजारात आणला.

एका संध्याकाळी आम्ही हप्त्यांच्या पावत्या घेऊन खोलीत गेलो, तर पाच पोरं पडद्याला चिकटलेली. घोडे पळताहेत, घरं पेटलीत. आम्ही काही विचारलं नाही. सीडी काढली, लोखंडी कपाटात पावत्यांच्या खाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. वर त्या मुलीच्या आईला जाऊन सांगितलं की तुझी पोर शिकायच्या नावाखाली लढाया खेळते. घरी काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. पोर खोलीवर यायची बंद झाली. खेळाला नाही, टायपिंगलाही नाही. जमाखर्चाचा तक्ता तसाच अर्धा राहिला आणि आम्ही पुन्हा वहीत रेघा मारायला लागलो.

मग दोन महिन्यांनी बैठकीत तिची आईच बोलली. बचत गोळा झाली होती, चहा व्हायचा होता. ती म्हणाली, "ताई, पोरीनं सणात पिको-फॉलची कामं करून दोनशे रुपये साठवलेत. डब्यात चिठ्ठी सापडली. मामाच्या मित्राकडं त्या खेळाची दुसरी सीडी आहे म्हणे, दोनशेला. मी रागावले नाही. पण मला कळत नाही. खेळ आहे ना एकदा? मग परत त्यालाच पैसे कशाला?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण प्रत्येकीला शेवयांचं यंत्र आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गटानं कर्ज काढून शेवयांचं यंत्र घेतलं. चांगलं चाललं. वर्षानं तोच विकणारा परत आला आणि म्हणाला, याला पापडाची जोड घ्या, एकाच मोटारीवर दोन धंदे. आम्ही घेतली. मोटार दुसऱ्या दिवशी तापली आणि तिसऱ्या दिवशी वास मारायला लागली. ती जोड आजही पोत्याखाली आहे आणि तिचे हप्ते आम्ही पुढचं दीड वर्ष फेडले. त्यामुळे 'जोड' म्हटलं की आमच्या बायकांचे कान उभे राहतात.

अध्यक्ष काकू म्हणाल्या, "पापडाची जोड आपण चालवून न बघता घेतली. ही तरी बघून ठरवू." ठराव झाला. पण दाखवणार कोण? आम्हीच त्या पोरीच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसून ब्लाउजला हुक लावत होती. आम्ही म्हटलं, खेळ बघायचाय. ती वर न बघता म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलंच नव्हतं." आम्हाला पुढं बोलता येईना. सीडी पिशवीतून काढून तिच्या हातात दिली.

पहिल्या संध्याकाळी अकराजणी आल्या. आधी मूळ खेळ बघायचा असं ठरलं होतं. तो थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सुरुवातीला तुमच्याजवळ एक मोठं घर असतं, गावाची चावडी म्हणा. तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि थोडा साठा. साठा चार गोष्टींचा: अन्न, लाकूड, सोनं, दगड. गावकऱ्यांकडून मेंढ्या धरून आणायच्या, बोरासारखी फळं तोडायची, हरणं मारायची, झाडं तोडायची. पन्नास अन्न दिलं की चावडीतून एक नवा गावकरी बाहेर पडतो. माणसं वाढली की घरं बांधायची, एका घरात पाच माणसं धरतात. घर नसेल तर नवं माणूस मिळत नाही. असं करत अंधारयुगातून पुढच्या तीन युगांत जायचं. लढाई आहेच, पण ती या सगळ्यावर उभी. ज्याच्या शेतात अन्न नाही त्याच्याकडे सैन्य नाही.

बायकांना सगळ्यात आधी काय दिसलं सांगू? गावकऱ्यांत बायका आहेत. त्याच्या आधीच्या, १९९७ सालच्या पहिल्या भागात सगळे गावकरी पुरुषच होते. या भागात बाई येईल की पुरुष हे आपल्या हातात नसतं, पण दोघांची ताकद सारखी. बाईही तेवढंच लाकूड तोडते, तेवढाच दगड फोडते. आमच्या एक सदस्य रोजगार हमीच्या कामावर जातात. त्या म्हणाल्या, "हे बरंय. मोजमाप तरी एक."

चावडीत विणकामाचा माग घ्यायची सोय आहे, पन्नास सोन्याला. तो घेतला की गावकऱ्यांचा जीव वाढतो, लांडग्यानं धरलं तरी लवकर मरत नाहीत. मागानं जीव कसा वाढतो, हे आम्ही विचारलं. पोर म्हणाली, अंगावर जाड कपडे आले ना. पटलं. बाजार पण आहे. लाकूड विकलं की सोनं मिळतं, पण एकदा विकलं की भाव उतरतो, परत विकलं की आणखी उतरतो. हे बघून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कांद्याचं आम्हाला कुणी नव्यानं समजावायची गरज नव्हती.

पण आम्ही खरं अडकलो ते शेतावर.

या खेळात फळं संपतात, मेंढ्या संपतात, मग शेतीच करावी लागते. एका शेताला साठ लाकूड लागतं. एक गावकरी एका शेतावर. सुरुवातीला एका शेतातून १७५ अन्न निघतं. गिरणीत औजारं सुधारली की जास्त निघतं. घोड्याच्या खांद्याचं जोत, मग जड नांगर, मग पिकांची फेरपालट. हे सगळं ठीक. पण तेवढं अन्न निघालं की शेत संपतं. कोरडं पडतं. आणि त्यावर राबणारा गावकरी नुसता उभा राहतो.

मूळ खेळात प्रत्येक शेत संपलं की तुम्हीच तिथं जाऊन, गावकरी धरून, साठ लाकूड देऊन ते पुन्हा लावायचं. वीस शेतं असली तर वीस वेळा, आणि काही वेळानं पुन्हा वीस वेळा. तिकडे वेशीवर शत्रू आलेला असतो. पोर तिकडे बघेपर्यंत इकडे तीन शेतं कोरडी. इकडे येईपर्यंत तिकडे भिंत पडलेली. रिकामी उभी माणसं शोधायला एक बटण आहे, तेवढाच आधार.

आम्ही बघत होतो आणि त्या मुलीची आई आमच्यापेक्षा पुढं सरकून बघत होती. कुणी लढाईबद्दल बोललं की ती म्हणायची, "ते जाऊ द्या, ती बाई उभी आहे बघा. वरच्या कोपऱ्यात. तिचं शेत संपलंय." चार वेळा तिनं पोरीच्या आधी बघितलं. पाचव्या वेळी पोर मागं वळून म्हणाली, "आई, तू खुर्चीवर बस." ती बसली नाही, पण उठूनही गेली नाही.

दुसरी सीडी विकत न घेता बघायची होती. मामा यात्रेला गावी आला तेव्हा मित्राकडून आठ दिवसांसाठी मागून घेऊन आला. तिचं नाव 'द कॉन्करर्स', २००० सालची. मूळ खेळानंतर एका वर्षात आली.

आता जोडीत काय काय आहे ते ऐका. खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापलंय ते आधी. मूळ खेळात तेरा लोकसमूह होते: ब्रिटन, फ्रँक, मंगोल, जपानी, चिनी, इराणी, तुर्क असे. जोडीत पाच आणखी आले: अझ्टेक, माया, हूण, कोरियन आणि स्पॅनिश. नव्या लढाया आहेत, बर्फाची आणि दाट पावसाळी जंगलाची जमीन आहे, मेंढ्यांच्या जागी कुठे कुठे टर्की नावाचा मोठा कोंबडा आहे. आम्हाला वाटलं, झालं, हा तर नुसता भरणा. पापडाची जोड.

पण सगळंच तसं नाही. अझ्टेक आणि माया हे अमेरिकेतले लोक. स्पॅनिश लोक तिकडे जाईपर्यंत त्यांच्याकडे घोडे नव्हते, म्हणून खेळातही त्यांना घोडा मिळत नाही. गरुडाची पिसं ल्यालेला पायी योद्धा मिळतो. म्हणजे तुमची सगळी जुनी चाल बदलते. हूणांना घरं बांधावीच लागत नाहीत, कारण ते भटके. यावर एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे घरकुलाच्या यादीची भानगडच नाही," आणि चहा सांडला. हे दोन बदल खरे. कोरियन मात्र आम्हाला विशेष वेगळे वाटले नाहीत. त्यांचं कासवासारखं चिलखती जहाज सोडलं तर लक्षात राहावं असं काही दिसलं नाही. पोरीचं मत वेगळं आहे. ती त्यांच्या बुरुजांवर खूश आहे.

जाता जाता एक सांगतो. मका, मिरची, टोमॅटो ही पिकं मुळात त्याच अमेरिकेतल्या लोकांची. तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. आपला ठेचा पाचशे वर्षांपेक्षा जुना नाही. हे मामानं सांगितलं तेव्हा अध्यक्ष काकूंनी विश्वास ठेवला नाही, अजूनही ठेवत नाहीत.

आता खरी गोष्ट. ती खोक्यावर मोठ्या अक्षरात नाही.

जोड टाकल्यावर गिरणीत एक नवं बटण येतं. त्यावर दाबलं की साठ लाकूड कापलं जातं आणि पुढच्या पेरणीची तजवीज गिरणीत जमा होते. कुठलंही शेत संपलं की त्यावरचा गावकरी तो जमा साठा वापरून आपणहून पुन्हा पेरतो. उभा राहत नाही, तुम्हाला हाक मारत नाही. दुसरं म्हणजे, गावकऱ्यांना लाकडाची वखार बांधायला सांगितली तर मूळ खेळात बांधून झाल्यावर ते थांबायचे. जोडीत वखार उभी राहिली की शेजारचं झाड तोडायला लागतात. फळांजवळ गिरणी बांधली की फळं तोडायला लागतात.

पोरीनं दाखवलं आणि खोली गप्प झाली. तिची आई म्हणाली, "म्हणजे कुणाला तरी दिसलं." आम्ही विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, "की सांगणारीचा जीव परत परत तेच सांगण्यात जातोय."

आम्हाला वाटलं, आता निकाल लागला. पण अध्यक्ष काकू तयार होईनात. त्यांचं म्हणणं, मूळ खेळच बरा. स्वतः पेरायचं असलं की लक्ष राहतं. आपोआप पेरलं जाऊ लागलं की पोरगी शेताकडे बघायची बंद होईल आणि नुसत्या लढाया खेळेल. यंत्र आलं की हात आळशी होतो. दोन-तीनजणींनी माना डोलावल्या. हे म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं. आमच्याही मनात तेच होतं.

म्हणून तिसऱ्या संध्याकाळी पोरीला सांगितलं, आता लपवाछपवी न करता जोडीसकट खेळ, आम्ही फक्त शेत बघतो. आणि ती हरली. कशानं हरली ते ऐका. तिनं सुरुवातीलाच गिरणीत दहा पेरण्या जमा करून टाकल्या. दहा गुणिले साठ, सहाशे लाकूड गिरणीत अडकलं. शेतं छान चालली. पण घरं बांधायला लाकूड उरलं नाही. घरं नाहीत म्हणून नवी माणसं नाहीत. माणसं नाहीत म्हणून सैन्य नाही. शत्रू आला आणि चावडी गेली. पोर ओशाळून हसली.

काकू पुढं झाल्या. म्हणाल्या, "हे तर आपलंच. मृग लागायच्या आधी सगळे पैसे बियाण्यात घातले आणि घर गळायला लागलं तेव्हा हातात दमडी नाही." मग त्यांनी पोरीला परत खेळायला लावलं. दहा नको, चार जमा कर. दोन वापरल्या गेल्या की दोन टाक. मध्ये एक घर. पोर तसं खेळली. या वेळी जिंकली नाही, पण तासभर टिकली, आणि एकही गावकरी रिकामा उभा राहिला नाही.

म्हणजे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं की लक्ष कमी होत नाही. ते हातातून निघून हिशोबात जातं. मूळ खेळात विचार करायचा असतो की आत्ता कुठलं शेत संपलं. जोडीत विचार करायचा असतो की पुढं किती संपतील आणि त्यासाठी आज किती अडकवून ठेवायचं. आम्ही गटाच्या बायकांना कर्ज देताना हाच हिशोब घालतो, आणि तिथंही आमची चूक होते.

आता जोडीत काय कमी आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई विकायला बसल्या.

मूळ खेळात शिकवायची सोय फार चांगली आहे. स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसच्या गोष्टीतून सात लहान धडे आहेत. पहिल्यात नुसतं चालायचं आणि लढायचं, दुसऱ्याचं नावच सैन्याला जेवू घालणं. आमच्यापैकी दोघी त्यातून माउस धरायला शिकल्या. जोडीत नवशिक्यांसाठी असं काहीच नाही. ती धरूनच चालते की तुम्हाला येतं. त्यातल्या लढाया पहिल्यापासून अंगावर येतात. ज्यानं मूळ खेळ खेळला नाही त्यानं जोडीला हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं, काळाचा गोंधळ. हूणांचा अटिला पाचव्या शतकातला. स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांची राजधानी घेतली ती १५२१ साली. मध्ये हजार वर्षं. खेळात दोघं एकाच मैदानात उभे राहू शकतात. मूळ खेळातही थोडं असं होतं, जोडीत ते वाढलं. शाळेतल्या पोरांनी यावरून इतिहासाचा पेपर लिहू नये.

गोष्टी मात्र जोडीत छान आहेत. मूळ खेळात फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कची गोष्ट आहे, शेतकऱ्याची पोर, सैन्याच्या पुढं उभी राहिली आणि १४३१ साली एकोणीस वर्षांची असताना जाळली गेली. ती गोष्ट खेळात तिचा एक सैनिक सांगतो. जोडीत स्पेनच्या एल सिद नावाच्या सरदाराची गोष्ट आहे, आणि ती सांगते त्याची बायको, हिमेना. ही बाई खरी होऊन गेली. एल सिद १०९९ साली व्हॅलेन्सिया शहरात वारला. त्यानंतर ते शहर तिनं राखलं, जवळजवळ तीन वर्षं. ११०२ साली राजा मदतीला आला, पण शहर टिकणार नाही असं ठरल्यावर तिला ते सोडावं लागलं. खेळात तिच्या या तीन वर्षांची गोष्ट नाही. तिचा आवाज आहे, पण गोष्ट नवऱ्याची. हे आम्हाला खटकलं. खेळातलं इंग्रजी पोर वाचायची आणि मराठीत सांगायची, आणि हिमेनापाशी आल्यावर बायकांनी तिला तीनदा विचारलं, मग पुढं तिचं काय झालं? मामानं मोबाइलवर शोधून सांगितलं तेव्हा कुठं समाधान झालं.

अझ्टेकांची गोष्ट हरणाऱ्यांच्या बाजूनं सांगितलीय, हे आम्हाला आवडलं. खरं तर त्यांच्यावर देवीच्या साथीचा घाला पडला आणि शहर पडलं. खेळात खेळणारीला स्पॅनिशांना हरवता येतं. काकू म्हणाल्या, निदान खेळात तरी.

मामानं त्याच्या लॅपटॉपवर आणखी एक जोड दाखवली, अगदी अलीकडची, २०२२ सालची, 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'. आधी या खेळात भारतीय म्हणून एकच समूह होता. त्याचं नाव बदलून हिंदुस्थानी केलं आणि बंगाली, द्रविड, गुर्जर असे तीन नवे आणले. राजेंद्र चोळाची गोष्ट आहे. मराठे नाहीत, आणि पोरांनी यावर मामाचं डोकं खाल्लं. आम्हाला त्यातलं एकच सांगायचंय. गुर्जरांना मेंढ्या कापून खायची घाई नाही. त्या गिरणीत बांधून ठेवल्या की हळूहळू अन्न येत राहतं. कापली तर एकदाच, पाळली तर रोज. हे बघून आमच्या शेळीपालनाच्या बायका इतक्या खूश झाल्या की मामाला तो तुकडा परत दाखवावा लागला. पण ही जोड आपल्या जुन्या संगणकावर चालत नाही, म्हणून तिचा निवाडा आम्ही केलेला नाही.

तर बैठकीत हात वर झाले. अकरापैकी आठजणींचं मत, 'द कॉन्करर्स' ही जोड मूळ खेळाला सुधारते, आणि सुधारते ती पाच नव्या लोकांमुळे नाही, गिरणीतल्या त्या एका बटणामुळे. दोघींचं मत, मूळ खेळ पुरे. एक तटस्थ राहिल्या, त्यांना डोकं दुखलं होतं. अध्यक्ष काकू आठांत होत्या.

पैशाचा ठराव आम्ही केला नाही. पोरीचे पैसे, तिच्या पिको-फॉलचे. तिच्या आईनं एवढंच विचारलं, "दोनशेत थोडं कमी होईल का?" मामानं दीडशे केले. उरलेले पन्नास पोरीनं आईला दिले, आईनं ते परत डब्यात टाकले.

आणि आणखी एक ठराव झाला, तो आमच्याबद्दल होता. न विचारता सीडी उचलली आणि घरी जाऊन तक्रार केली, ही आमची चूक. आम्हीच तो मांडला आणि आम्हीच लिहिला. पोर त्या वेळी दारात उभी होती. काही बोलली नाही. पुढच्या मंगळवारी ती आली आणि जमाखर्चाचा तक्ता उघडून बसली. व्याजाचा रकाना अजून चुकतोय. अंधार पडायच्या आत घरी यायचं, ही आईची अट कायम आहे. त्यावरून दोघींची कुरबुर चालू असते, त्यात आम्ही पडत नाही.

संगणकाची खोली आता मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा उघडी असते. पहिला तास टायपिंग, दुसरा तास खेळ. दोन्ही सीड्या कपाटात नाहीत, संगणकाशेजारच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. बघायला यायचं असेल तर या, पण चपला बाहेर काढा, फरशी नवी आहे.

आणि हो, शेवयांच्या यंत्राची पापडाची जोड आमच्याकडे पोत्याखाली पडून आहे. एखाद्या गटाकडे जास्त ताकदीची मोटार असेल तर निम्म्या किमतीत देऊ. घेण्याआधी चालवून बघा.

नमस्कार.